विंडरमियरचा बंब

इंग्लंडमधल्या विंडरमियर तळ्याकाठच्या बोनेस गावाला पोचलो आणि दहाच मिनिटांत मला परत फिरावंसं वाटलं. बसगाड्यांतून ओसंडणारी माणसं, आइसक्रीमच्या रांगा, पायात घुटमळणारे राजहंस. इथे १८४७ मध्ये रेल्वे आली. त्याआधीच कवी वर्डस्वर्थने ‘नको ही रेल्वे, गर्दी होईल’ म्हणून कडाडून विरोध केला होता. शाळेत त्याच्या कवितांनी छळलं, पण त्या दिवशी पहिल्यांदाच मला तो पटला.

पहिले दोन दिवस पावसात गेले, त्यांचं काही सांगण्यासारखं नाही. तिसऱ्या दिवशी आईला घेऊन तळ्याकाठच्या बोटींच्या संग्रहालयात गेले, ते मुख्यतः छप्पर मिळावं म्हणून.

तिथे ‘ऑस्प्रे’ उभी होती. १९०२ साली याच गावात बांधलेली लाकडी वाफेची लाँच. “अगं, आगबोट!” आई म्हणाली. आगबोट म्हणजे कोकणातली, भोंगा वाजवत बंदराला लागणारी. ही तिची नाजूक धाकटी बहीण. मधोमध बॉयलर आणि इंजिन, पुढे-मागे बसायला जागा, आणि लाकडाला असं पॉलिश की आईने बसण्याआधी पदराने हात पुसले.

निघालो तेव्हा इंजिन सुरू झाल्याचं कळलंच नाही. डिझेलची धडधड नाही. सिलिंडरमध्ये स्फोट होत नाहीत, वाफ नुसती दट्ट्याला ढकलते. एक सुस्कारा, मग दुसरा. गरम तेलाचा वास. किनाऱ्यावरची ती सगळी गर्दी बघता बघता मुकी झाली.

अशा लाँच पाळायचे ते लँकेशायरचे गिरणीमालक आणि कारखानदार. रेल्वे झाली तसे तळ्याकाठी त्यांचे बंगले उठले. अमेरिकेत यादवी पेटली आणि १८६१ नंतर तिकडचा कापूस अडला, तेव्हा याच गिरण्यांसाठी मुंबई बंदरातून गठ्ठे जात होते. माझं आजोळ अकोल्याचं. त्या चकचकीत बाकावर मी जरा ऐसपैस बसले. वऱ्हाडच्या कापसाचे पैसे थोडे तरी यात मुरले असतीलच की.

मग चहा. बॉयलरजवळ तांब्याचं एक भांडं होतं, त्याला म्हणे ‘विंडरमियर केटल’. पिकलेल्या केसांच्या खलाशाने चावी फिरवली, फुस्स झालं आणि पाणी खळखळलं. गॅलनभर पाण्याला दहाएक सेकंद, असं सांगतात. आत नळीचं वेटोळं असतं. त्यातून बॉयलरची वाफ जाते, बाहेर पाणी. आई जागची उठलीच.

“अगं, हा तर आपला बंब! विस्तवाच्या जागी वाफ, एवढाच फरक.”

मी हे इंग्रजीत सांगायला गेले आणि फसले. बंबाला इंग्रजीत काय म्हणतात? हातवारे करून मधली नळी, खालची राख, वर टाकायच्या गोवऱ्या, सगळं समजावलं. म्हाताऱ्याला मजा वाटली असावी, कारण परत आल्यावर त्याने आम्हाला मुद्दाम ‘डॉली’कडे नेलं. ही १८५० च्या सुमाराची. १८९५ च्या कडाक्याच्या थंडीत शेजारच्या अल्सवॉटर तळ्यात बुडाली आणि १९६२ मध्ये वर काढली. सदुसष्ट वर्षं गाळात काढून बाई आपल्या जुन्याच बॉयलरवर पुन्हा पाण्यावर धावल्या! आमच्या घरचा गीझर चार वर्षांत गेला.

चहाचं विचाराल तर साफ निराशा. पिशवी, पाणी, वर गार दूध. “पाणी उकळलं गं, चहा कुठे उकळला?” आई पुटपुटली, पण कप रिकामा केला.

निघताना तिने मला कोपर मारलं. “विचार त्याला, बंब घासतात कशाने? चिंचेने?”

विचारलं. तो म्हणाला, बाटलीतलं पॉलिश.

“तरीच,” आई म्हणाली, “तोटीपाशी काळा राहिलाय.”