माझ्या उंचीचा ओटा

घर विकायचं ठरलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवऱ्याने बाथरूमचा नळ दुरुस्त केला. हा नळ आमच्याकडे एकोणीस वर्षं ठिबकत होता. खाली बादली ठेवायची, रात्रभरात ती भरायची आणि सकाळी ते पाणी गॅलरीतल्या तुळशीला घालायचं. याला आम्ही पाण्याची बचत म्हणत होतो. वॉशर केवढ्याला आला ते सांगत नाही, लाज वाटते.

पार्ले पूर्वेला तळमजला अधिक तीन अशी आमची १९६७ची सोसायटी. सासऱ्यांनी घेतलेली जागा, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंट होईल, लिफ्ट येईल, या आशेवर आमच्या चार गुडघ्यांनी बारा वर्षं काढली. पण आमच्या डोक्यावरून विमानं जातात. फनेल झोन नावाचं हे प्रकरण पार्ल्यात शाळकरी पोरांनाही पाठ आहे. विमानाच्या उतरण्याच्या वाटेखाली इमारतीची उंची बांधून दिलेली असते. वर मजलेच चढवता येत नसतील तर बिल्डरला विकायला उरतं काय? तो येतो, प्लॅन पसरतो, चहा पितो आणि जातो. शेवटी लेक म्हणाली, "आई, लिफ्ट तुमच्याकडे येणार नाही, तुम्हीच लिफ्टकडे जा."

एजंटने पहिल्याच भेटीत सांगितलं, "काका, आहे तसं विका. रेट कार्पेट एरियावर मिळतो, पॉलिशवर नाही. येणारा सगळं तोडणारच." पार्ल्याचं घर दाखवताना तो अजूनही बिस्किटांच्या खमंग वासाबद्दल बोलतो. कारखाना २०१६ साली बंद झाला, पण वास त्याच्या यादीत आहे. न्यूजर्सीचा भाचा फोनवर म्हणाला, "आमच्याकडे लोक मुद्दाम जुनं घर घेतात, नीट करतात आणि नफ्यात विकतात, फ्लिपिंग म्हणतात त्याला." तिकडे घर विकत असतील, इथे चौरस फूट विकतात. सी.ए.ने तर उरलासुरला उत्साहही काढून घेतला. २००१च्या एप्रिलनंतर केलेल्या खऱ्या सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो, पण रंगरंगोटी आणि डागडुजी म्हणजे सुधारणा नव्हे. "ओट्याचं बघू," एवढंच तो म्हणाला.

म्हणजे दुरुस्तीचा खर्च बाजार धरत नाही, इन्कम टॅक्स धरत नाही. तरी आम्ही चार महिने धूळ खाल्ली आणि एक एफ.डी. मोडली.

नवऱ्याचं कारण मला आधी कळलं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण पलंगाखाली सामान कोंबतो ना, तीच जात. इतकी वर्षं भिंतीला धरलेली ओल आम्हाला दिसत नव्हती. दिसत होती, पण कॅलेंडर जरा खाली सरकवलं की भागायचं. आता परके लोक येणार, कॅलेंडर उचलून बघणार आणि म्हणणार, म्हाताऱ्याने हौसेने घेतलेली जागा पोराने सडवली. हे त्याने तोंडाने कबूल केलं नाही. पण गवंड्याने ओलीवर नुसती लांबी, म्हणजे पुट्टी, फिरवायला घेतली तेव्हा तो ज्या आवाजात ओरडला, तो सासऱ्यांचा आवाज होता. मग वरच्या गच्चीपासून वॉटरप्रूफिंग, जुना गिलावा पार विटेपर्यंत काढला, खाली सगळ्या गोणीच गोणी. लाद्यांवरून आमचं भांडण झालं.

म्हणजे मोझॅकवरून. संगमरवराच्या चिपा घातलेली जुनी मोझॅक लादी, काळपट पिवळी. मला वाटलं, वरून व्हिट्रिफाइड टाकावी, सुटसुटीत. तो म्हणाला, घासून बघू. मशीनवाला आला. जाड दगडापासून सुरुवात, मग बारीक, मग आणखी बारीक, मधेमधे पाणी. घरभर राखाडी चिखल, मोरीची जाळी दोनदा तुंबली, खालच्या काकूंचा फोन आला तो वेगळाच. संध्याकाळी त्याने रबरी फावड्याने तो चिखल एका बाजूला ओढला, आणि खाली हिरवं निघालं. चिंचेच्या कोवळ्या पाल्यासारखं हिरवं, त्यात पांढऱ्या आणि वीटकरी चिपा. चौतीस वर्षं मी ज्या जमिनीवर पोळपाट घेऊन बसले, मटार सोलले, लेकीला रांगायला लावलं, ती हिरवी होती. मी सासूबाईंना मनातल्या मनात विचारलंसुद्धा, तुम्हाला माहीत होतं का? असणारच. त्यांनी ती नवी पाहिली होती.

आता माझं कारण.

आमचा ओटा कडप्प्याचा होता, सासूबाईंच्या मापाचा. त्या चार फूट दहा इंच, मी पाच फूट पाच. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझी पाठ बोलायला लागली. ओटा वाढवायचा विषय मी तीनदा काढला. एकदा मुंज होती, एकदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, आणि त्या गेल्यावर काढला तेव्हा मलाच कसंसं झालं. म्हणून एजंट जेव्हा बोलता बोलता म्हणाला, "काही करायचंच असेल तर किचन करा, बायका किचन बघतात," तेव्हा मी ते वाक्य पदराला गाठ मारून ठेवलं.

मिस्त्रीने टेप लावली. "मॅडम, बत्तीस इंच ठेवतो. स्टँडर्ड."

"पस्तीस."

"विकायचंय ना पण?"

"पस्तीस," मी म्हटलं. नवरा दारात उभा होता. तो माझ्याकडे बघून काही बोलणार होता, मग त्याला हॉलमध्ये काहीतरी काम आठवलं.

त्या ओट्यावर मी नऊ आठवडे स्वयंपाक केला. गरज नसताना पुरणपोळ्या केल्या.

घर बघायला सोळा जण आले. सतरावं जोडपं तरुण होतं, दोघंही नोकरीवाले. मुलगा सरळ खिडकीशी जाऊन विमानं मोजत बसला. मुलगी स्वयंपाकघरात गेली, ग्रॅनाइटवरून हात फिरवला, ओट्याशी उभी राहिली. ठेंगणी होती. "छान आहे," ती म्हणाली, "जरा उंच आहे ना, काकू?" मी कडप्प्याच्या मापाबद्दल काही बोलले नाही. लाद्या मात्र तिने वाकून पाहिल्या आणि फोटो काढला. ठेवायला की काय तोडायचं ते दाखवायला, विचारायचं धाडस झालं नाही.

टोकन झालं. परवा रात्री अकराला मला बाथरूममधून खडखड ऐकू आली. नळ पुन्हा ठिबकायला लागला होता आणि नवरा स्टुलावर बसून पाना फिरवत होता.

"अरे, टोकन घेतलंय," मी म्हटलं. "आता तो त्यांचा नळ आहे."

"ताबा पंधरा तारखेला आहे," तो म्हणाला. "टॉर्च धर."