चंचुपात्र

लोणच्यासाठी तेल मोजायला बायकोनं काचेचं नवं मापाचं भांडं आणलंय. ते खोक्यातून बाहेर येताच माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे वा, चंचुपात्र!" मुलीनं मोबाइलमधून मान वर काढली. "काय पात्र?"

चंचू म्हणजे चोच, हे तिला सांगावं लागलं. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. शंकुपात्र शंकूसारखं, तिवईला पाय तीन, परीक्षानळी तर नळीच. चंचुपात्र पाहिलं की मला मात्र कोल्ह्याला जेवायला बोलावणारा करकोचा आठवायचा.

आमच्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे एक कुलूपबंद कपाट. ते उघडलं की सर मोरचुदाचे खडे काढायचे. बागेत चुन्यात कालवून फवारतात तेव्हा मोरचूद फिका दिसतो. कपाटातले खडे मात्र गर्द निळे, खिशात घालावेसे. परीक्षानळी चिमट्यात धरायची, तोंड जरासं खाली कलतं ठेवून तापवायची. नाहीतर तोंडाशी जमलेलं पाणी मागे तापल्या बुडाकडे ओघळतं आणि काच तडकते. माझी तडकली होती. ज्यांच्या धड होत्या त्यांचे खडे हळूहळू पांढरे पडले. निरीक्षण : निळा रंग जातो. अनुमान : स्फटिकजल निघून जाते. मग नळी गार झाल्यावर दोन थेंब पाणी, की निळा रंग पुन्हा हजर! त्याचं अनुमान मी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलं.

अकरावीत सगळं एका रात्रीत इंग्रजी झालं. सरांनी बीकर आणायला पिटाळलं आणि मी मांडणीसमोर नुसता उभा. शेवटी शिपाईकाकांनी हातात ठेवलं ते आपलं चंचुपात्रच की! त्यावरच्या रेघा अंदाजापुरत्या, नेमकं मोजायचं तर मोजपात्र घ्या, असं सर बजावत. इकडे बायको डोळे बारीक करून तेल रेघेला भिडवत होती. मी गप्प बसलो.

पण ती ते बरणीत हळूहळू ओतायला लागली आणि तेल चोचीखालून भांड्याच्या पाठीवर ओघळलं. मग मात्र राहवेना. प्रयोगशाळेत अशा वेळी चोच काचकांडीला टेकवतात, द्रव कांडीवरून गुपचूप उतरतो. काचकांडी कुठली घरात? चमच्याचा दांडा लावला. पुढे एक थेंब सांडला नाही.

"चमचा कशाला खराब केलास?" बायको म्हणाली.