गुजरातची असेल

२१ डिसेंबर २०२५, रविवार

कोइंबतूरहून येऊन दोन दिवस झाले. ही विचारते, कसं आहे शहर? मी म्हणतो, चांगलं आहे, इडली मस्त मिळते. त्यापुढं जीभ सरकत नाही.

तसं त्या गावाचं नाव मला लहानपणापासून ठाऊक. आमच्या विहिरीवरच्या मोटारीच्या पट्टीवर ते इंग्रजीत कोरलेलं होतं. एबीसीडी आल्यावर शाळेच्या पुस्तकाआधी मी तेच वाचलं असेन. मोटार जळाली की बाबा म्हणायचे, "गेलं पुन्हा कोइंबतूर." ते मोटारीचं नाही, गावाचं नाव आहे हे मला फार उशिरा कळलं.

नागपूरहून केरळ एक्स्प्रेस धरली. उतरलो तेव्हा अंगात स्वेटर, आणि तिथं लोक अर्ध्या बाह्यांत. पहाटे लॉजमधून बाहेर पडलो तर दारोदारी तांदळाच्या पिठाच्या रांगोळ्या, कुठं कुठं अजून ओल्या. त्यांचा मार्गळी महिना सुरू झाला होता. गल्लीच्या टोकाला बघावं तर डोंगर. आपल्याकडं नजर जाते तिथवर कापसाची पऱ्हाटी, त्यामुळं रस्त्याच्या शेवटी डोंगर उभा असला की कोणी तरी आपल्याकडं बघत असल्यासारखं वाटतं. पितळी वाटीतून पेल्यात आणि पेल्यातून वाटीत कॉफी ओततात, ते बघायला दोन कॉफ्या जास्त प्यालो.

हे सगळं हिला सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

शेठजींनी पाठवलं होतं ते आमच्या जिनिंग-प्रेसमध्ये सरकी काढून बांधलेल्या कापसाच्या गाठींबद्दल तिथल्या सूतगिरणीची तक्रार आली म्हणून. रुईत कचरा निघतो म्हणे. मी तयारी करून गेलो होतो. धाग्याची लांबी २९ मिलिमीटर, मायक्रोनेअर, म्हणजे धाग्याचा जाडबारीकपणा, ३.८, ओलावा एवढा, सगळं तोंडपाठ. कोणी काहीच विचारलं नाही. सुपरवायझर मला सरळ आत घेऊन गेला. १७० किलोची एकेक गाठ फोडून थर पसरलेले, आणि दोन्ही बाजूंना पोरी बसून हातानं रुई चिवडत होत्या. बऱ्याचशा ओडिशाच्या. प्रत्येकीजवळ एक डबा. त्या डब्यात पोत्याची सुतळी, केस, खर्ऱ्याची पन्नी, कोंबडीचं पीस, रंगीत धागे. आपलं घर झाडून काढलेला कचरा परक्याच्या ओट्यावर बघावा तसं झालं.

एका पोरीनं डब्यातून एक चिंधी काढून सुपरवायझरच्या हातावर ठेवली. हिरवी, विटलेली, चपटी झालेली. बोटाएवढी गुंडाळी, आणि गाठ अजून बसलेली. जिनिंगच्या रोलरमधून ती सुटली कशी, देव जाणे. त्याला ती नुसती चिंधी होती. मला बघताक्षणी कळलं. बोंडाची वाळलेली टोकं नखाच्या कडेला घुसतात म्हणून बाया जुन्या लुगड्याची पट्टी बोटाला गुंडाळतात आणि एका हातानं जमत नाही म्हणून गाठ दातानं ओढतात. दिवसभरात कोणाची सैल होऊन ओटीत पडते. संध्याकाळी काट्यावर कापूस मोजताना बोटाकडं कोण बघतं?

"सार, ये आपका साइड का?" त्यानं विचारलं.

"गुजरात का होगा," मी म्हणालो.

त्यानं गाठीवरची पट्टी उलटी करून नंबर वाचला. नंबर आमच्या प्रेसचा होता. त्याला दिसला, मलाही दिसला. चिंधी डब्यात टाकली आणि म्हणाला, "कॉफी?"

एवढंच. रागावला असता तर भांडलो तरी असतो.

तेव्हापासून हेच डोक्यात फिरतंय, की गुजरात कुठून आलं तोंडात? तेलंगणा म्हणता आलं असतं, पैनगंगा ओलांडली की तेलंगणाच. किंवा खरं बोलता आलं असतं. 'हो, आमच्याकडची आहे. बोटाला बांधतात.' चार शब्द. पण ते म्हणायचं तर कोणाच्या बोटाला, हे पण आलंच असतं.

परतीच्या गाडीत स्वतःची फार कीव आली. मी काय वेचतो का? मी हिशेब लिहितो. कचरा शेतातला, खळ्यातला, गाडीतला, जिनिंगमधला. आणि परमुलखात मान खाली घालायला मी. बाबा असते तर... जाऊ दे.

बल्लारशाच्या आसपास चहा प्यालो तेव्हा थोडं हसू आलं. इंग्रजांच्या काळात आपला कापूस शकुंतला रेल्वेनं मूर्तिजापूरला जायचा, तिथून मुंबई, तिथून बोटीनं मँचेस्टर. आता ट्रकनं दक्षिणेच्या मँचेस्टरला, म्हणजे कोइंबतूरला जातो. शकुंतला बंद पडली, मँचेस्टर बदललं, आणि बोटाची चिंधी काही बदलली नाही. तेव्हाही तिकडं एखादा साहेब डबा घेऊन बसलाच असेल. तेव्हाच्या मुनीमानं कोणाचं नाव सांगितलं असेल, गुजरातचंच?

काल जिनिंगवर गेलो. गेटबाहेर गाड्यांची रांग. ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला की गाडी परत. क्विंटलला ८११० रुपयांचा हमीभाव आणि रात्रीचं दव, यांचं काही जमत नाही. शेठजींनी छापील अर्ज पुढं केला. त्यात 'कचऱ्याचे कारण' असा रकाना आहे. 'निष्काळजीपणा' असं लिहिलं, खोडलं, आणि अर्ज घरी घेऊन आलो. आत्ता इथं वहीखालीच आहे.

एक राहिलं. निघायच्या दिवशी ओप्पनकारा स्ट्रीटवर गेलो होतो. कपड्यांची दुकानंच दुकानं. तिथून दोन मीटर पांढरं सुती कापड घेतलं. विचार असा की बायांना पट्ट्या करून द्याव्या. पांढरी चिंधी रुईत गेली तरी निदान कोणाच्या डोळ्यावर यायची नाही. एवढ्या लांब जाऊन मी शिकून काय आलो, तर हे.

मायनं कापड चाचपून पाहिलं. किंमत विचारली. सांगितल्यावर म्हणाली, "कापूस आपला अन् भाव असा?" मग एक पट्टी टर्रकन फाडली, बोटाला गुंडाळली, दातानं गाठ ओढली आणि हात लांब धरून बघितला.

"पांढरं कायले आनलं बापा? दोन दिवसांत काळं होते."

बाकीचं घडी घालून पेटीत ठेवलं. गोधडीले होईन म्हणे.