थुंब्याची पहिली पिढी ऐकताना : तिरुवनंतपुरमचा प्रवास आणि पुढे जाणाऱ्यांसाठी सूचना

भारताच्या अवकाश कार्यक्रमाची सुरुवात तिरुवनंतपुरमजवळच्या थुंबा या मच्छीमार वस्तीत झाली, आणि ज्यांच्या हातून ती झाली त्यांतले बरेच जण निवृत्तीनंतरही त्याच शहरात स्थायिक झाले आहेत. आज त्यांची वये ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जतन व्हाव्यात, या हेतूने पुण्यातील आमच्या महाविद्यालयाच्या काही स्वयंसेवक विद्यार्थ्यांना घेऊन मी गेल्या हिवाळ्यात तिथे जाऊन आलो. हे काम एका गटाने संपणारे नाही आणि त्याला फार अवधीही उरलेला नाही, म्हणून हा वृत्तांत तपशिलाने लिहीत आहे.

पुण्याहून कन्याकुमारीकडे जाणारी थेट गाडी सोलापूर, गुंतकल, पालक्काडमार्गे तिरुवनंतपुरमला पोहोचते. मुंबईकरांना कोकण रेल्वेने जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस सोयीची आहे. विमानापेक्षा रेल्वेनेच जावे असे मी सुचवीन. प्रवास लांबचा असल्यामुळे विद्यार्थ्यांची तयारी गाडीतच करून घेता येते. आमच्या मुलांनी सहप्रवाशांची परवानगी घेऊन त्यांच्या पहिल्या नोकरीविषयी मुलाखती घेतल्या, आणि समोरचा माणूस बोलताना थांबला की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा नाही, ही गोष्ट त्यांना तिथेच उमगली. वयस्कर माणूस थांबतो तेव्हा बहुतेक वेळा तो आठवत असतो. त्या शांततेनंतर जे येते तेच मोलाचे असते.

पोहोचल्यावर मुलाखतींआधी थुंब्याचे अवकाश संग्रहालय पाहावे. सेंट मेरी मॅग्डलीन चर्चच्या जुन्या इमारतीत ते आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त, म्हणजे मोकळी टांगलेली चुंबकसूची जिथे न झुकता आडवी राहते ती रेषा, या किनाऱ्याजवळून जाते आणि त्याच्या वर सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर विद्युत प्रवाहाचा एक पट्टा वाहतो. तिथवर फुगे पोहोचत नाहीत आणि उपग्रह इतक्या खाली टिकत नाहीत, म्हणून त्याचा अभ्यास अग्निबाणानेच करावा लागतो. या कारणासाठी विक्रम साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्निबाणांच्या प्रक्षेपण केंद्रासाठी ही जागा निवडली, आणि बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी गावकऱ्यांशी बोलून चर्च व आजूबाजूची जागा मिळवून दिली. चर्चमध्ये कार्यालय आणि प्रयोगशाळा, बिशपच्या घरात प्रमुखांचे कार्यालय, गोठ्यात आणखी एक प्रयोगशाळा अशी सुरुवात झाली. हे सगळे मुलांनी पुस्तकात वाचले होते; पण त्या भिंतींमध्ये उभे राहून पाहिल्यावर त्यांचे प्रश्न बदलले. ‘तुम्हाला कसे वाटले?’ याच्या जागी ‘तुमचे टेबल कुठे होते, पाणी कुठून आणायचा, पावसात यंत्रे कशाने झाकायचा?’ असे प्रश्न आले, आणि अशाच प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळतात. संग्रहालयाच्या वेळा व छायाचित्रणाचे नियम निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत आणि प्रत्येकाने मूळ ओळखपत्र जवळ ठेवावे.

या इतिहासाशी महाराष्ट्राचे नाते जुने आहे. जागेच्या निवडीत साराभाईंबरोबर असलेले एकनाथ चिटणीस, घन इंधनाच्या संशोधनासाठी १९६७ साली इंग्लंडहून थुंब्याला आलेले आणि पुढे विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक झालेले वसंत गोवारीकर, अगदी पहिल्या तुकडीतले प्रमोद काळे ही नावे आपल्याला माहीत असतात. त्यांच्याविषयी थोडेफार लिहिलेले सापडते. ज्यांच्याविषयी काहीच लिहिलेले नाही असे अभियंते, तंत्रज्ञ, फिटर, चालक आणि भांडारपाल यांच्याकडे आम्ही मुद्दाम गेलो. माझ्या मते आद्य पिढीचा इतिहास नोंदवायचा तर यांना वगळून तो नोंदवताच येणार नाही, कारण अहवालात निकाल लिहिलेला असतो; काम कसे केले हे हातांना ठाऊक असते.

याचा प्रत्यय उल्लूर भागातल्या एका मराठी अभियंत्यांच्या घरी आला. मूळचे साताऱ्याकडचे हे काका तरुणपणी इकडे आले आणि इथलेच झाले. काकूंशी मराठीत, दारातल्या मासेवालीशी मल्याळममध्ये आणि कामाविषयी इंग्रजीत बोलतात. घन इंधनात अमोनियम परक्लोरेटची पूड वापरतात आणि ती हवेतली ओल धरते, एवढे मुलांना ठाऊक होते. केरळच्या पावसाळ्यात मग काय करत होता, असे एका विद्यार्थिनीने विचारले. काकांनी टेबलावरचा चमचा उचलला, साखरेच्या डब्यात घातला आणि तिरका करून दाखवला. पूड कोरडी असली की ती चमच्यावरून सलग घसरते, ओल धरली की कडेला थबकते आणि मग गठ्ठ्याने पडते. मोजमाप तर होतच असे, पण त्याआधी डोळ्यांना कळत असे. मिश्रण साच्यात ओतताना एखादा बुडबुडा राहिला किंवा नंतर भेग पडली, तर जळणारा पृष्ठभाग वाढतो, आतला दाब चढतो आणि आवरण फुटू शकते, हेही त्यांनी त्याच डब्यावर बोट फिरवत समजावले. आवाजाच्या नोंदीत यातले काहीच आले नसते. म्हणून ध्वनिमुद्रणाबरोबर एक कॅमेरा तिवईवर लावून हातांकडे रोखून ठेवावा, आणि जुनी हत्यारे, वह्या, छायाचित्रे समोर ठेवून बोलते करावे.

छायाचित्रांबाबत मात्र सावध राहावे लागते. सायकलवरून अग्निबाणाचे टोक नेणारे प्रसिद्ध छायाचित्र १९६६ साली आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी टिपलेले आहे. पहिले उड्डाण २१ नोव्हेंबर १९६३ चे. तो अमेरिकेने दिलेला नायकी-अपाची अग्निबाण होता, त्यात फ्रान्सकडून आलेली सोडियम वाफेची सामग्री होती, आणि त्या संध्याकाळी आकाशात केशरी ढग दिसला. तरीही हे दोन्ही प्रसंग अनेकांच्या आठवणीत एकमेकांत मिसळलेले आढळले. अशा वेळी मुलाखत अडवून चूक दाखवू नये. माणसाला बोलू द्यावे, नोंदवहीत खूण करावी आणि शेवटी ‘सर, हे सायकलचे त्याच वर्षीचे की नंतरचे?’ असे अदबीने विचारावे. एका निवृत्त तंत्रज्ञांनी हा प्रश्न ऐकून बराच वेळ विचार केला आणि मग त्या काळात कोणते सामान जीपने जायचे, कोणते खांद्यावरून, हे क्रमाने सांगितले. हा भाग त्या संपूर्ण मुलाखतीतला सर्वांत उपयोगी भाग ठरला.

भाषेची सोय आधीच करावी. मल्याळम बोलणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीत बोलायला लावले की उत्तरे आखडतात. आम्ही स्थानिक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना बरोबर घेतले. मुलाखत त्यांनी घेतली आणि आमच्या मुलांनी यंत्रे सांभाळली. पळ्ळित्तुरा भागातल्या, प्रक्षेपण केंद्रासाठी जागा सोडलेल्या कुटुंबांशी बोलणे त्यांच्यामुळेच शक्य झाले. त्यांची बाजू या नोंदींत असायलाच हवी, असे मला ठामपणे वाटते.

वेळ सकाळची घ्यावी आणि बैठक दीड तासाच्या पुढे नेऊ नये. पंखा बंद करण्याची विनंती करावी लागते. त्यामुळे उकाडा होतो, म्हणून डिसेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. जूननंतर पावसाचा आवाज प्रत्येक नोंदीत शिरतो. कुकरची शिट्टी, शाळेची बस आणि कावळे यांचा अंदाज आदल्या दिवशी घरी जाऊन घ्यावा. ती भेट ओळख वाढवायलाही उपयोगी पडते. कॉलरला लावायचा माईक आणि टेबलावरचे दुसरे स्वतंत्र यंत्र अशा दोन नोंदी एकाच वेळी कराव्यात आणि ध्वनी दाबून साठवणाऱ्या प्रकारात न ठेवता मूळ दर्जात ठेवावा.

संमतिपत्र मराठी, मल्याळम आणि इंग्रजीत तयार ठेवावे. नोंद कोण ऐकू शकेल, कधीपासून ऐकू शकेल आणि कोणता भाग वगळायचा, हे सांगण्याचा हक्क बोलणाऱ्याचा आहे, हे त्यात स्पष्ट लिहावे. यांतल्या अनेकांवर गोपनीयतेचे बंधन आजही आहे; ‘हे मी सांगणार नाही’ म्हटल्यावर विषय तिथेच सोडावा. त्याच रात्री फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या विद्यार्थ्यांकडे द्याव्यात, नाव, तारीख, ठिकाण आणि भाषा लिहून ठेवावी, आणि लिखित उतारा महिन्याभरात करून घरी वाचायला पाठवावा. उताऱ्यातली तांत्रिक नावे तपासायला बोलणारी व्यक्तीच सर्वांत योग्य असते, आणि अशा दुरुस्तीच्या फोनमधून बऱ्याचदा पुढच्या मुलाखतीचा पत्ताही मिळतो.