मेणवलीची लेकुरवाळी

रविवार, रात्र. वाई, आत्याकडे.

आज अखेर मेणवली झाली. ‘स्वदेस’ सिनेमा २००४चा. तेव्हापासून त्यातला तो मेणवलीचा नदीघाट मनात धरून बसलेय, आणि दर खेपेला ढोल्या गणपतीला नमस्कार करून वाईतूनच नाशिकला परत. रिक्षानं जेमतेम दहा मिनिटांची वाट!

सिनेमात हे गाव चरणपूर, म्हणजे उत्तर प्रदेशातलं. पण पायऱ्या उतरताना कृष्णेवर बायका कपडे आपटत होत्या आणि त्यांचं बोलणं अस्सल साताऱ्याकडचं. चरणपूर तिथंच विरघळलं. शाहरुख नेमका कुठे बसला होता, असं तिघांना विचारलं. तिघांनी तीन वेगळ्या पायऱ्या दाखवल्या, तिघेही ठाम. मी तिन्हींवर बसून फोटो काढले. तिसरीवर शेवाळ होतं. सलवारीचा डाग अजून निघालेला नाही.

“सिनेमावाले गेले, वाडा नानांचाच राहिला,” आत्या म्हणाली. नाना म्हणजे नाना फडणवीस. ती असं बोलते की काल-परवा चहाला येऊन गेलेत. वाडा बघितला, पण धावतच. ऊन फार होतं.

खरी थबकले ती मेणेश्वराच्या, म्हणजे शंकराच्या देवळाजवळच्या घंटेपाशी. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि देवळादेवळांत टांगल्या. आमच्या नाशिकच्या नारोशंकर देवळाची घंटाही त्यांतलीच म्हणतात. म्हणजे मी माहेरची बहीणच बघत होते की! धातू काळपट हिरवा पडलाय. आधी नुसतेच उंचवटे दिसले. मग नजर ठरली आणि १७०७ हे साल लागलं, त्याच्याजवळ बाळाला घेतलेली बाई. मेरी आणि येशू. शंकराच्या शेजारी, एवढी वर्षं.

मी आत्याला सगळं सांगितलं, वसई, चर्च, मेरी. तिनं पदर सावरला, चष्मा वर ढकलला आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

“कुणाची का असेना,” हात जोडत म्हणाली, “लेकुरवाळी आहे.”

येताना रिक्षात मोबाइल उघडला. पायऱ्यांवरचे माझे एकोणीस फोटो. घंटेचा एकही नाही.