मुलीला रोबोटिक्सला घालू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हा विषय टाळते, कारण लग्नाच्या पंगतीत नाहीतर लिफ्टमध्ये याचं उत्तर देता येत नाही. प्रश्न ठरलेला असतो : "तुम्ही चाकणला रोबोटवर काम करता ना? आमच्या हिला रोबोटिक्सला घालायचंय. कुठला क्लास लावू?" ही म्हणजे सातवी-आठवीतली मुलगी. ती आईच्या मागे उभी असते आणि तिला कुणी काही विचारलेलं नसतं.

क्लासचं नाव माझ्याकडे नाही. माझा क्लास झाला इचलकरंजीत, यंत्रमागाच्या शेडमध्ये. वडील जॉबर होते. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो जॉबर. मी त्यांचा डबा घेऊन जायचे. तिथल्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नाही, सगळा कारभार खुणांचा. एकदा माझ्यासमोर चालता माग खट्कन थांबला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. मी वडिलांकडे बघितलं, तर त्यांनी मागाच्या कडेला असलेल्या तारेच्या एका बारक्या काट्याकडे बोट केलं.

धोटा जाऊन-येऊन आडवा धागा टाकतो. तो धागा काट्याला टेकला की काटा कलतो आणि त्याची मागची शेपटी वर उचलली जाते. धोट्यातली धाग्याची कांडी संपली किंवा धागा तुटला, तर काट्याला टेकायला काही नसतं. मग शेपटी खालीच राहते, मागेपुढे हलणाऱ्या हातोडीत अडकते आणि त्या ओढीने मागाचा हँडल पडतो, माग थांबतो. माग विजेवर चालायचा, पण या काट्याला वीज लागत नव्हती. धागा आहे की नाही, एवढंच तो पुन्हा पुन्हा चाचपून बघायचा. पुढे कॉलेजात 'सेन्सर' शिकवायला लागले तेव्हा मला तो काटाच दिसत होता.

(जपानमध्ये साकिची टोयोडांनी १९२४ साली धागा तुटला की थांबणारा स्वयंचलित माग काढला आणि पुढे त्याच घराण्यातून मोटारींचा कारखाना उभा राहिला. हे मला नोकरी लागल्यावर कळलं. मी हरखून वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "बरं. सात नंबरचा काटा घट्ट बसलाय, तो बघून येतो.")

आता रोबोटचं. मुलांच्या डोळ्यांसमोर चालणारा-बोलणारा रोबोट असतो. माझा रोबोट म्हणजे जमिनीला बोल्टने आवळलेला एक हात. त्याला सहा सांधे. ढोबळमानाने तीन सांधे तो कुठे पोचेल हे ठरवतात, उरलेले तीन तिथे पोचून मनगट कसं वळेल हे. पेंडंट, म्हणजे रोबोट चालवायचा रिमोट, हातात धरून एकेक पॉइंट टीच करायचा, म्हणजे हात कुठे कुठे न्यायचा ते त्याला शिकवायचं. पेंडंटच्या मागे एक बटण असतं. ते अर्धं दाबून धरलं तरच रोबोट हलतो. सोडलं की थांबतो, आणि घाबरून गच्च आवळलं तरी थांबतो. कारण घाबरलेला माणूस हातातलं सोडतोही आणि आवळतोही. हे ज्याला सुचलं त्याने माणसं नीट बघितली असणार. शिकवताना वेगही सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आत ठेवावा लागतो. माझ्याकडे नवीन मुलं आली की पहिला दिवस या बटणातच जातो, आणि मुलं वैतागतात.

एक प्रसंग सांगते. वेल्डिंग करणाऱ्या एका रोबोटच्या सेलमध्ये दुपारच्या शिफ्टला सीम, म्हणजे वेल्डची रेघ, सरकायची, मिलिमीटर-दीड मिलिमीटर. सकाळी जॉब (वेल्ड करायचा भाग) चोख, दुपारी रिजेक्ट. आम्ही तीन इंजिनिअर लॅपटॉप उघडून दोन दिवस बसलो. पॉइंट तपासले, गनची टिप बदलली, प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला. तिसऱ्या दिवशी आयटीआय करून आलेला एक फिटर आला. त्याने जॉब काढला, जॉब पकडून ठेवणाऱ्या फिक्श्चरवर तो जिथे टेकतो तिथून बोट फिरवलं आणि नखाने काहीतरी खरवडलं. स्पॅटरचा, म्हणजे वेल्डिंगच्या उडून थिजलेल्या ठिणगीचा, बारीक दाणा. सकाळचा ऑपरेटर दर जॉबनंतर ब्रश मारायचा, दुपारचा नवा होता, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जॉब दाण्यावर बसून उचलला जात होता आणि रोबोट शिकवलेल्या जागीच इमानेइतबारे वेल्ड करत होता. मला अजून त्या दोन दिवसांची लाज वाटते.

म्हणून क्लासबद्दल माझी कुरकुर एवढीच, की तिथला किट चालतो. सूचनांप्रमाणे तुकडे जोडले की गाडी काळ्या रेघेवरून धावते, आईवडील व्हिडिओ काढतात. आमच्या कामाचा मोठा भाग म्हणजे न चालणारी गोष्ट. तेही बहुतेक दिवाळीच्या सुट्टीत, कारण लाइन तेव्हाच बंद मिळते. गेल्या पंधरा वर्षांत लक्ष्मीपूजनाला मी किती वेळा घरी होते, ते आमच्याकडे विचारू नका.

शिक्षणाचं म्हणाल तर मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, कुठूनही इकडे येता येतं. डिप्लोमावाल्यांचा हात लवकर बसतो. गणिताशी मात्र वैर नको. त्रिकोणमिती आणि मॅट्रिक्स 'पुढे कुठे लागतंय' म्हणून सोडू नका, हात कुठे पोचेल ते त्यावरच निघतं. कॉलेजात रोबोकॉनची, म्हणजे रोबोट बनवायच्या स्पर्धेची, टीम असेल तर तिला जरूर पाठवा. २००८ साली एबीयू रोबोकॉन, म्हणजे तिची आंतरराष्ट्रीय फेरी, पुण्यात झाली, तेव्हा विषय होता गोविंदा, रोबोटने दहीहंडीतलं लोणी काढायचं. २०१४ ला पुन्हा पुण्यातच, तेव्हा आईबाप-रोबोटने पोर-रोबोटला बागेत नेऊन सीसॉवर, झोपाळ्यावर बसवायचं होतं. ते आईबाप काही कमी गोंधळलेले नव्हते.

आणि हो, रोबोटने माणसांचं काम जातं का? जातं. धोट्याशिवायचे नवे माग आले तेव्हा आमच्या शेडमधले जुने माग भंगारात गेले. वजनावर विकले. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. त्यानंतर त्यांनी नवा माग शिकायला घेतला, पण पन्नाशीत ते जड गेलं. मी हे मुलांपासून लपवत नाही.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी मुलीला घेऊन आल्या, तोच प्रश्न घेऊन. मी मुलीला माझा बंद पडलेला मिक्सर दिला. अट एकच, प्लग लावायचा तो माझ्यासमोर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं.

"काकू, खाली लाल बटण असतं, ते पडलं होतं. दाबलं की चालू होईल."

"मग झालं की."

"नाही ना. ते पडलं कशामुळे?" तिने खिशातून कागदाची पुडी काढली. भांड्यातलं पातं फिरवणाऱ्या वरच्या कपलरभोवती वाळून दगड झालेली चटणी होती, शेंगदाण्याची. कपलर हाताने फिरतच नव्हता म्हणे. स्क्रू चार काढले होते, परत बसवताना एक जास्त उरला होता.

तो कुठला, हे आम्ही अजून शोधतोय.