दुसरं कडवं

रविवार, रात्री साडेअकरा

आर्द्रा लागल्यापासून पाऊस उघडलेला नाही. वडगावात आमच्या गल्लीत घरोघरी दोऱ्यांवर ओले कपडे लोंबतायत. कुठं जाणं-येणं नव्हतं, म्हणून जेवणं आटोपल्यावर आईला ‘श्री ४२०’ लावून दिला. शेजारच्या अक्का वाटीत कुंदा घेऊन आल्या आणि त्याही बसल्या.

१९५५चा सिनेमा. आईनं किती वेळा बघितलाय ते तिलाही सांगता येणार नाही. मधेमधे डोळा लागतो तिचा, खरं छत्रीचं गाणं आलं की ती खुर्ची पुढं ओढते. राज कपूर छत्री नर्गिसकडं करतो, ती परत त्याच्याकडं सरकवते. छत्री एक आणि माणसं दोन. बेळगावच्या पावसात एका छत्रीतून दोघं चालली की बाहेरचा खांदा भिजतोच, मग आपला भिजला तरी चालेल म्हणून जो छत्री थोडी तिकडं कलती धरतो, त्याच्या मनात काय आहे ते न सांगता कळतं. पडद्यावर तेवढंच घडतं. मग रेनकोट घातलेली तीन पोरं रस्त्यानं जातात. राज कपूरचीच ती मुलं, रणधीर, रितू आणि ऋषी. आई दर वेळी म्हणते, “बघ, निघाली तिघं.” आजही म्हणाली. आपल्याच गल्लीतली पोरं शाळेला निघाल्यासारखी.

आईला आता कमी ऐकू येतं. सगळा जन्म मागाच्या आवाजात गेला. आमच्या घरात पुढच्या सोप्यात दोन माग होते. आण्णा माग चालवायचे, आई कांड्या भरायची. धोट्याची ती खटाखट सुरू झाली की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. कोनाड्यात रेडिओ असायचा, पण गाणं कधी पुरतं कानावर पडायचं नाही. धागा तुटला, माग थांबला, की मधलीच एक ओळ ऐकू यायची. धागा जोडला की गाणं परत बुडायचं. मला लहानपणी कितीतरी गाण्यांचं फक्त धृपद ठाऊक होतं.

करंट गेला की मात्र मजा असायची. सगळ्या गल्लीतले माग एकदम गप्प व्हायचे आणि सेलवर चालणारे रेडिओ घराघरातून ऐकू यायचे. मजुरी बुडायची, मोठी माणसं वैतागायची. आम्ही पोरं उंबऱ्यावर बसून गाणी ऐकायचो.

आणि रात्री दहाला विविध भारतीवर छायागीत. आईचं एक आवडतं गाणं होतं. कुठलं ते इथं लिहीत नाही, ते तिचं आहे. ते लागलं की आण्णा उठून दोन्ही माग बंद करायचे. न बोलता, तिच्याकडं न बघता. आई कांडीवरचा हात तसाच ठेवून ऐकायची. गाणं संपलं की माग परत सुरू. तेवढ्या वेळात किती वार कापड बुडालं याचा हिशेब त्यांना पक्का ठाऊक असणार, इतर दिवशी ते पैशापैशाला जपायचे. आण्णा आईला नावानं हाक मारताना मी ऐकलेले नाहीत. ‘अगं’ म्हणायचे, तेवढंच.

गाणं पूर्ण ऐकायचं तर टॉकीज. जुने सिनेमे मॅटिनीला परत लागायचे. तिथं दुसरं कडवं, तिसरं कडवं, मधलं सगळं म्युझिक ऐकायला मिळायचं. पहिल्यांदा गेले तेव्हा या गाण्याला एवढं पुढं आहे हे कळून मी चकित झाले होते. आम्ही जायचो ते टॉकीज आता राहिलं नाही. त्या बाजूनं जाताना अजून मान वळते.

लोक म्हणतात, जुन्या सिनेमात गाणी फार, गोष्ट पुढं सरकत नाही. मला तर त्यासाठीच ते सिनेमे आवडतात. गोष्ट थांबते. पोलीस, सावकार, बाप, सगळे बाजूला राहतात आणि दोन माणसांना पाच मिनिटं मिळतात. आमच्या घरात माग थांबायचे तसंच. मुलीनं मागे मला १९५२चा एक अमेरिकन सिनेमा दाखवला, त्यातही हेच. जीन केली मैत्रिणीला दारात निरोप देतो, पाऊस कोसळत असतो आणि हा छत्री मिटून रस्त्यावर नाचत सुटतो. भाषा कळली नाही तरी काही अडलं नाही. ते गाणं चित्रित करताना त्याला सडकून ताप होता म्हणे, १०३ डिग्री. बघताना कळत सुद्धा नाही.

आणि हे वेड आपल्याकडं सिनेमानं आणलेलं नाही. ‘संगीत सौभद्र’ १८८२चं, आणि ते लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायचीय, तिचं मन अर्जुनावर, आणि कृष्ण आतून सगळी सूत्रं हलवतोय. लग्न कुणाशी होणार हे बसलेल्या प्रत्येकाला आधीच ठाऊक. तरी लोक पदांना वन्समोअर घेत रात्र काढायचे. गुर्लहोसूर आजही कन्नड मुलखात आहे आणि सौभद्र मराठीत. मला याचा फार अभिमान वाटतो, दोन्हींचा.

अक्कांना हे सांगितलं तर त्या कन्नड सिनेमातल्या राजकुमारांवर गेल्या. १९७४पासून राजकुमार स्वतःची गाणी स्वतः गायला लागले, खरं अक्कांचा जीव त्याआधीच्या गाण्यांवर, पी. बी. श्रीनिवास गायचे त्या. “तो आवाज कसा बगा, कपाळावर हात ठेवल्यागत,” म्हणाल्या. हिंदी गाण्यांचे अर्थ त्यांना नीट लागत नाहीत. पाठ मात्र सगळी आहेत.

आज छत्रीचं गाणं अर्ध्यावर आलं आणि करंट गेला. टीव्ही बंद, मिट्ट काळोख, पत्र्यावर पाऊस. मी मेणबत्ती शोधायला उठले. तेवढ्यात अक्का आईच्या कानाशी वाकून तेच गाणं म्हणायला लागल्या, मोठ्यानं, आईला ऐकू जावं म्हणून. शब्द थोडे इकडंतिकडं, चाल अगदी बरोबर. ओळ संपली, थांबल्या.

मेणबत्ती सापडली होती. मी काडी ओढली तर आई म्हणाली, “राहू दे की गं ते. अक्का, दुसरं कडवं ऱ्हायलं.”